पहिली बास गिटार घ्यायची आहे: चार तारा की पाच? आणि भोंग्याच्या अँप्लिफायरवर चालेल का?

कृषिकेंद्र_चोपडा

नमस्कार मंडळी. चोपड्याला माझं बियाणं-खतांचं दुकान आहे. मृग लागला की डोकं वर काढायला फुरसत नसते, पण पोळा होऊन गेला की संध्याकाळ आपलीच. शनिवारी शटर पाडलं की आम्ही चौघं मागच्या गोदामात बसतो. हायस्कूलचे एक मास्तर ढोलकी-तबल्यावर, दातांचे डॉक्टर कीबोर्डवर, एसटीतले एक कंडक्टर गायला, आणि खंजिरी घेऊन मी. खंजिरी कोणाला देतात ते तुम्हाला माहीत आहेच: ज्याला गाता येत नाही आणि घरीही जायचं नाही, त्याला. जुनी हिंदी गाणी, थोडी भावगीतं, श्रावणात कानबाईची अहिराणी गाणी, गल्लीत कोणाच्या हळदीला बोलावलं तर तिथेही. पैसे कोणी देत नाही, शेवभाजी मिळते.

परवा डॉक्टर वैतागले. “बास मी डाव्या हातानं किती दिवस ओढू? कोणीतरी बास गिटार घ्या आणि माझा हात मोकळा करा.” सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. वय ४३, पोती उचलून बोटं जाड झालेली, नोटेशन वाचता येत नाही. पेटीवर सारेगम येतं आणि सूर लागला की नाही तेवढं कळतं.

भुसावळला एका ऑर्केस्ट्रावाल्याकडे पाच तारांची सेकंडहँड बास आहे, बारा हजार म्हणतो. आत बॅटरी लागते म्हणे. फोटोत छान दिसते, पण मान किंचित वाकडी वाटते. का मोबाईलचा कॅमेराच तसा, कोण जाणे. नवीन घ्यायची तर सगळं मिळून पंचवीस हजार काढू शकतो, त्यातले घरी वीसच सांगेल आहेत. चार तारा घ्याव्यात की पाच? या वयात हात बसेल का? आणि दुकानाच्या प्रचारासाठी घेतलेला सभेचा जुना अँप्लिफायर आणि दोन भोंगे धूळ खात पडेल आहेत. त्यावर बास चालेल, की त्याचा वेगळा खर्च धरायचा? कंडक्टरसाहेब काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून) गातात, त्यानं काही फरक पडत असेल तर तेही सांगा.

पुणेरी_जळगावकर

दादा, सेकंडहँडच्या भानगडीत पडू नका. यामाहा टीआरबीएक्स १७४, आयबानेझ जीएसआर २००, कोर्ट अॅक्शन, या तिन्हीतली जी हातात बरी वाटेल ती घ्या. वीस-पंचवीस हजारांच्या घरात असतात, किमती वरखाली होतात, ऑर्डर करण्याआधी पाहून घ्या. चार तारा. मोबाईलवर ट्यूनरचं अॅप टाका, व्हॉक्सचा अँपप्लग म्हणून हेडफोनचा छोटासा अँप येतो तो थेट गिटारच्या सॉकेटमध्ये खोचा आणि हेडफोन लावून सराव करा. घरच्यांना त्रास नाही, शेजाऱ्यांना पत्ता नाही. बाकी सगळं यूट्यूबवर आहे. मी हिंजवडीत फ्लॅटमध्ये असंच शिकलो.

वाइंडिंगवाले_नाना

चोपडेकर भाऊ, धुळ्याला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. त्याआधी ऑर्केस्ट्रात बास वाजवायचो. गणपती, देवी, यात्रा, लग्नसराई. शिरपूरपासून मालेगावपर्यंतची स्टेजं पाहेल आहेत. म्हणून जरा लांबण लावतो.

वरच्या भाऊंनी सांगितलेली नावं चांगलीच आहेत, त्यात वाद नाही. पण हेडफोन लावून एकट्यानं शिकणं वेगळं आणि ढोलकीशेजारी बसणं वेगळं. तुमच्याकडे ड्रमसेट नाही. तिथे बासला गिटारची बहीण समजू नका, डग्ग्याचा भाऊ समजा. कोणती घ्यायची, कशावर वाजवायची, कसा सराव करायचा, हे सगळं मग आपोआप ठरत जातं.

केरवा घ्या. धा गे ना ति, न क धि ना. डग्ग्याचा घुमारा कुठे कुठे आहे ते ऐका. पहिल्या दोन मात्रांना आहे, त्यानंतर थेट सातवीला, धि वर. मधल्या चार मात्रा कोरड्या. नवा बासवाला काय करतो, आठही मात्रांना तार ओढतो. मग डग्गा आणि बास एकमेकांच्या अंगावर पडतात आणि ऐकणाऱ्याला नुसती घरघर पोचते. बासची सगळ्यात जाड तार उघडी छेडली की सेकंदाला ४१ कंपनं, पुढची ५५, मग ७३, आणि सगळ्यात बारीक ९८. डग्गाही याच मुलखात राहतो. तेव्हा सम मास्तरांसोबत घ्या, सा वर. लगेच बोट टेकवून तार गप्प करा. पाचव्या मात्रेला पंचम द्या, तिथे डग्गा नाही, ती जागा तुमची. पुन्हा गप्प. दादरा असेल तर पहिलीला सा, चौथीला पंचम. एवढ्यावर हळदीची अर्धी रात्र निघते, आणि मास्तर तुमच्याकडे पाहून मान हलवतील. उरलेली कलाकुसर नंतर. पंचमदांच्या, म्हणजे आर. डी. बर्मन यांच्या ताफ्यात टोनी वाझ बास वाजवायचे. त्यांचं वाजवणं ऐकताना सूर मोजू नका, ते कुठे थांबतात ते ऐका.

पेटी येते म्हणता, मग नोटेशन कशाला पाहिजे? जाडीकडून बारीककडे उघड्या तारा अशा: पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच. प्रत्येक तार आधीच्या तारेच्या मध्यमाला लावेल असते. त्यामुळे फार सोयीचं होतं. सा कुठेही धरा. त्याच फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) शेजारची जाड तार दाबली की खालचा पंचम. त्याच फ्रेटवर शेजारची बारीक तार म्हणजे मध्यम. मध्यमापासून दोन फ्रेट पुढे पंचम, आणि त्या पंचमाच्याच फ्रेटला पुढच्या तारेवर वरचा सा. हा चौकोन बोटांत बसला की संपलं. कंडक्टरसाहेब काळी एकवरून काळी दोनवर गेले तर दोन फ्रेट सरका, चौकोन तोच राहतो. पेटीवाल्याची बोटं पट्टी बदलली की बदलतात, आपला फक्त हात सरकतो.

चार की पाच? पाचवी तार म्हणजे खाली आणखी एक जाड तार, पांढरी सातची, ३१ कंपनांची. ती ऐकू यायला तेवढा मोठा स्पीकर लागतो; छोट्या डब्यात ती नुसती फडफडते. वर आणखी काम म्हणजे वाजत नसेल तेव्हाही तिला दाबून धरावं लागतं, नाहीतर शेजारच्या तारेसोबत आपली आपणच गुणगुणत राहते. शिकाऊ माणसानं चारच घ्यावी असं माझं मत.

दुकानात गिऱ्हाईक आलं. बाकीचं रात्री लिहितो.

वाइंडिंगवाले_नाना

हां, पुढे.

भुसावळची बास पाहायला जाणारच असाल तर खिशात एक व्हिजिटिंग कार्ड न्या. कीटकनाशकाच्या कंपन्यांची तुमच्या गल्ल्यात ढिगानं असतील. जाड तार पहिल्या फ्रेटला एका बोटानं आणि सगळ्यात शेवटच्या फ्रेटला दुसऱ्या बोटानं दाबा. आता ती तार सरळ पट्टी झाली. सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यामध्ये कार्ड जेमतेम सरकलं पाहिजे. म्हणजे पाव ते अर्धा मिलिमीटरच्या आत. कार्ड सैल पडलं तर मान पुढे वाकली आहे, अजिबात जात नसेल तर मागे. दोन्ही दुरुस्त होतं, कारण मानेच्या पोटात लोखंडी सळई असते, ट्रस रॉड. एका टोकाला अॅलन-कीची खाच असते. तारा थोड्या सैल करायच्या आणि विकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पाव फेरा फिरवायला लावायचं. घड्याळाच्या दिशेनं घट्ट होते, मान मागे येते. पाव फेऱ्याच्या वर एका वेळी कधीच नाही. खाच गोल झालेली असेल, किंवा सळई शेवटपर्यंत आवळलेली असूनही मान वाकडीच असेल, तर राम राम करून निघा, फुकट दिली तरी नको.

मान ठीक निघाली तर मग बाराव्या फ्रेटला तारेची उंची पाहा, अडीच मिलिमीटरच्या आसपास असली की बोटं दुखत नाहीत. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटला वाजवा, कंटाळा करू नका. पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास सगळ्यात बारीक तारेवर एखादा सूर लवकर मरतो. असं पुष्कळ महागड्या बासमध्येही असतं, त्यावरून भाव पाडता येतो पण सौदा मोडायचं कारण नाही. नॉब फिरवताना खरखर आली तर कॉन्टॅक्ट क्लीनरचं काम. सॉकेट ढिला असेल तर चार पैशांचा.

पिकअपला लोक उगाच घाबरतात. पिकअप म्हणजे काय तर बासच्या तारांची कंपनं पकडणारी, चुंबकावर गुंडाळलेली तांब्याची तार. आमचाच धंदा. फरक एवढाच, की याला अमेरिकन मापाची ४२ गेज लागते, आपल्या ब्रिटिश मापात, एसडब्ल्यूजीत, ती ४६ च्या आसपास येते, केसाएवढी बारीक, आणि फेरे हजारोंनी. १९५१ साली प्रिसिजन बास बाजारात आणणारे लिओ फेंडर हेसुद्धा मुळात रेडिओ दुरुस्तीवालेच. स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. तेव्हा आवाज येत नसेल तर पिकअपच्या दोन तारा सोडून मल्टिमीटर लावा. काही किलोओहम दाखवलं तर जिवंत, काहीच नाही दाखवलं तर आत कुठेतरी तुटली. बॅटरीवाल्या बासला बाहेरच्या सॉकेटवर मोजून काही कळत नाही, मधे सर्किट असतं.

आता भोंगा. भोंग्यावर बास नको भाऊ. तो भाषणासाठी बनवेल असतो, खालचे सूर त्यातून निघतच नाहीत. तुम्हाला फक्त बोटांची टकटक ऐकू येईल, म्हणून आवाज वाढवाल, आणि युनिटचा डायफ्राम जाईल. डॉक्टरांकडे कीबोर्डचा अँप असेल ना? त्याला दुसरा चॅनल असतो, तिथे लावा. कीबोर्डच्या अँपमधून खालपासून वरपर्यंत सगळं निघतं, त्यामुळे बास सुखानं चालते. साध्या गिटारच्या अँपवर लावायची वेळ आली तर हळू. नाहीतर स्पीकरचा कागद फाटतो. पुढे स्वतःचा घ्यायचा तर ढोलकीसोबत बसायला तीस-चाळीस वॅटचा बासचा अँप पुष्कळ. ड्रमवाला आला तर शंभरच्या पुढे जावं लागेल. बठ्ठा पैसा गिटारमा घालू नका, एवढंच सांगणं.

अर्थिंगचं मात्र मस्करीवर नेऊ नका. गोदामांत तीन पिनांचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या भोकाच्या मागे वायरच नसते, हे मी रोज पाहतो. बासच्या तारा घोडीतून, वायरमधून अँपच्या चेसिसला जोडलेल्या असतात. अँपला अर्थिंग नसेल आणि आत कुठे गळती असेल, तर तो करंट तुमच्या बोटांत. तुमचा हात तारेवर आणि ओठ माइकला, आणि माइकचा अँप्लिफायर दुसऱ्या बोर्डावर लावेल असेल तर झटका थेट ओठांना बसतो. यात्रेत जनरेटरवर हे आम्ही फार पाहिलं. सगळे अँप एकाच बोर्डावर लावा, अर्थिंग खरं आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या, आणि मेनला तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) बसवा. हमिंग कमी व्हावं म्हणून अर्थची पिन काढून टाकणारे बहाद्दर असतात, त्यांच्या शेजारी बसूही नका.

हमिंगवरून आठवलं. प्रिसिजनसारखा दोन तुकड्यांचा पिकअप असेल तर तो घरघर आपोआप मारतो. फेंडरच्याच जाझ बाससारखे दोन सुटे पिकअप असतील तर दोन्ही नॉब पूर्ण उघडे ठेवले की घरघर जाते, एक कमी केला की येते. ट्यूबलाइटखाली बसून हे करून पाहा.

शेवटचं, गोदाम. युरियाच्या थप्प्यांमध्ये आवाज चांगला बसत असेल, पोती घुमारा खातात. पण बास तिथे ठेवायची नाही. खत हवेतलं पाणी ओढतं आणि त्याची धूळ लोखंडाला खाते. तुमच्या तराजूच्या साखळ्यांकडे पाहा, कळेल. वाजवून झालं की कोरड्या फडक्यानं तारा पुसा आणि घरी न्या. घरीही कूलरसमोर नको. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसला जातो, लाकूड सुकतं, फिंगरबोर्ड आकसतो आणि फ्रेटची टोकं बाजूनं बाहेर येतात, हात फिरवला की ओरखडे. त्यात रात्रभर कूलरची ओल मारली तर मान रोज नवीन वळण घेते. आतल्या खोलीत, कपाटात, बॅगेत. पत्र्याखाली आणि बंद गाडीत तर मुळीच नाही.

नवापूरची_बासवाली

नाना, वाचून मजा आली. पण पाच तारांबद्दल मी भांडणार.

आमच्याकडे चर्चच्या गायन मंडळात बास असतेच, मी तिथेच शिकले. कंडक्टरदादा काळी एकमध्ये गातात. चार तारांवर काळी एकचा सा एकतर दुसऱ्या तारेच्या चौथ्या फ्रेटवर मिळतो किंवा जाड तारेच्या नवव्या फ्रेटवर, आणि दोन्ही एकच सूर. त्याच्या खालचा सा चार तारांवर नाहीच, कारण जाड तार पांढरी तीनवर संपते. पाच तारांवर तो दुसऱ्या फ्रेटला हजर आहे. ध्रुवपदाच्या शेवटी तिथे उतरलात की सगळा हॉल खाली बसतो. आणखी एक सोय म्हणजे पांढरी तीन तुम्हाला पाचव्या तारेच्या पाचव्या फ्रेटला मिळते. मानेच्या टोकाला फ्रेट लांब लांब असतात, तिथे बोटं ताणायची गरज उरत नाही. माझे हात लहान आहेत, मला हे जास्त जाणवतं.

हात लहान असणाऱ्यांसाठी सांगते, नेहमीच्या बासची तार ३४ इंचांची असते, पण ३० इंचांच्याही येतात. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीची ती व्हायोलिनच्या आकाराची हॉफनर तीसचीच. तुमचे हात मोठे आहेत, तुम्हाला त्याची गरज नाही. जाड बोटांचं म्हणाल तर घोडीपाशी दोन तारांमधलं अंतर चार तारांच्या बासमध्ये एकोणीस मिलिमीटरच्या आसपास असतं, पाच तारांत थोडं कमी. तेवढं हातात धरून पाहा. उजव्या हाताचं टेन्शन घेऊ नका. जेम्स जेमरसननं मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीत एकाच बोटानं वाजवलं, कॅरोल के पिक (चिमटीत धरून तार छेडायची चकती) वापरायच्या. लोक दोघांकडूनही शिकतात.

वजन मात्र विचारात घ्या. चार किलोच्या वर जाते. बारीक पट्टा घेतलात तर दुसऱ्या दिवशी खांदा बोलतो. रुंद पट्टा घ्या, आतून रेक्झिन नको, खरखरीत पाहिजे, म्हणजे मान खाली झुकत नाही.

आणि एक कानगोष्ट. आमच्या पट्ट्यात सेकंडहँड बास शोधायची तर चर्चच्या मंडळांत विचारा. त्या स्टेजवर पावसात भिजेल नसतात. नवीन हवी असेल तर आम्ही सुरतेला जातो, जवळ पडतं. तुम्हाला इंदूर सोयीचं पडेल, किंवा मुंबईला कामासाठी गेलात तर धोबी तलावला फुर्टाडोसमध्ये हातात घेऊन बघता येतं.

नाना, माझ्या जुन्या बासचा पुढचा पिकअप मेला आहे. मीटर काहीच दाखवत नाही. करून द्याल का?

पुणेरी_जळगावकर

नाना, अर्थिंगचा मुद्दा एकदम बरोबर. आमच्या सोसायटीतही सॉकेट तपासायला लावलं, तिसरं भोक नुसतं शोभेचं निघालं.

कृषिकेंद्र_चोपडा

मंडळी, काल भुसावळला जाऊन आलो. रेल्वे क्वार्टरमध्ये राहतो माणूस, मुलगा पुण्याला नोकरीला लागला म्हणून सगळं काढतोय. पलंगाखालून बॅग ओढली, वरची धूळ फुंकली, आणि आधी चहा.

नानांचं कार्ड सोबत नेलं होतं, कापसाच्या एका औषधाचं. सातव्या फ्रेटवर सरकवलं तर दोन कार्डं एकावर एक ठेवून गेली. म्हणजे फोटो खरं बोलत होता. मी म्हटलं सळई फिरवून दाखवा. त्याच्याकडे चावी नव्हती, शेजारच्या सायकलवाल्याकडून अॅलन-कीचा जुडगा आणला, त्यातली एक बसली. खाच चांगली होती. तारा सैल केल्या, पाव फेरा, पुन्हा लावल्या, थोडं थांबलो, मग आणखी पाव. दुसऱ्या वेळेला एकच कार्ड गेलं, तेही घासून. विकणारा स्वतःच चकित. म्हणे मी तर तारा उंच आहेत म्हणून वाजवणंच सोडलं होतं.

मागचं झाकण उघडलं तर नऊ व्होल्टची बॅटरी फुगेल, टोकांवर पांढरी भुकटी. खाली जाऊन नवीन आणली, टोकं खरवडली, आवाज सुरू झाला. एक नॉब खरखरतो. सगळ्या तारांवर सगळे फ्रेट वाजवले, सतरा-अठराच्या पुढे बारीक तारेवर थोडी झणझण आहे. तिथे मी या जन्मात जाईन असं वाटत नाही.

मग खालचा सा दाबून पाहिला, ताईंनी सांगितला तो, पाचव्या तारेचा दुसरा फ्रेट. त्याच्याकडे ऑर्केस्ट्राचा मोठा बासचा अँप होता. खिडकीची तावदानं वाजली. घेतली. साडेनऊला, बॅग आणि वायरसकट. नाना, माफ करा.

त्या अँपचे वेगळे पंधरा मागत होता. नाही घेतला, डॉक्टरांच्या कीबोर्डच्या अँपवर लावतो. वायरमनला सोमवारी बोलावलं आहे. आता विचारायचं ते असं. पाचवी तार खरंच आपली आपणच घुमते, मी दुसरी तार वाजवली तरी. काय करू? तारा जुन्या आहेत, काळ्या पडेल, नवीन कोणत्या घ्याव्यात? आणि बॅटरी किती चालते?

वाइंडिंगवाले_नाना

आते काय करशी! घेतली तर घेतली. सळई चालते म्हणजे पैसे वाया गेले नाहीत. मान एक-दोन दिवस बसू द्या, मग पुन्हा कार्ड लावून पाहा. मान बसली की घोडीचं काम. बाराव्या फ्रेटला तार दाबून वाजवा आणि त्याच जागी बोट नुसतं टेकवून जो घंटेचा सूर निघतो तो वाजवा. ट्यूनरवर दोन्ही सारखे आले पाहिजेत. दाबलेला चढा आला तर घोडीवरचा त्या तारेचा दांडा मागे घ्या, उतरा आला तर पुढे.

पाचवी तार घुमते त्याला एकच उपाय. उजव्या हाताचा अंगठा पिकअपवर टेकवू नका, वाजवत असाल त्याच्या मागच्या जाड तारेवर टेकवा. दुसरी तार वाजवताय तर अंगठा पहिलीवर, तिसरी वाजवताय तर अंगठा दुसरीवर, आणि अंगठ्याची कड मागच्या तारांना लागून राहू द्या. हात वर-खाली चालत राहतो. सुरुवातीला मनगट आखडतं, पण ही सवय पहिल्या दिवसापासून लावा, नंतर लागत नाही.

तारा तुमच्या ढोलकी-तबल्यासोबत फ्लॅटवाउंड घ्या. वरून गुळगुळीत असतात, बोट सरकलं की कर्रकर्र होत नाही, आणि सूर गोल येतो, डग्ग्याच्या जवळचा. महाग असतात पण वर्षानुवर्षं टिकतात. घेण्याआधी दोन गोष्टी पाहा. सेट पाच तारांचा आहे ना, आणि लांबी ३४ इंचांच्या बासची आहे ना. तोपर्यंत जुन्या तारांचं काय करायचं ते ऑर्केस्ट्रातलं सांगतो. काढून, सैलसर गुंडाळून पातेल्यात पाणी उकळून त्यात टाकायच्या, दहा मिनिटं. आतला मळ निघतो आणि काही दिवस तार पुन्हा बोलते. पाणी कसं काळं होतं ते वहिनींना दाखवू नका, पातेलंही वेगळं वापरा. उकळल्यावर पूर्ण कोरड्या करूनच लावा, नाहीतर गंज. फक्त सगळ्या तारा एकदम काढू नका. मानेवरचा ताण एका झटक्यात जातो आणि आत्ताच बसवलेली मान पुन्हा हलते. एकेक काढा, एकेक उकळा.

बॅटरी महिनोन्‌महिने चालते, पण वायर सॉकेटमध्ये खोचलेली राहिली तर सर्किट चालूच राहतं, वाजवा किंवा न वाजवा. मग लवकर बसते. शनिवारी उठताना वायर काढायची. हंगामात दुकानामुळे दोन-तीन महिने बास बॅगेत पडणार असेल तर बॅटरीही काढून ठेवा, ती भुकटी त्यामुळेच झाली होती.

नवापूरच्या ताई, पिकअप पाठवा. वरचं कव्हर काढू नका, चुंबकासकट तसाच कापसात गुंडाळून डब्यात घाला, आणि बाहेर येणाऱ्या दोन वायरींपैकी गरम, म्हणजे सिग्नलची, कोणती ती कागदावर लिहा. दिवाळीआधी पाठवलात तर लवकर होईल. मार्चनंतर विहिरींच्या सबमर्सिबल मोटारींची रांग लागते, तेव्हा तुमचा नंबर पावसाळ्यात लागेल.